मोठा मंच की मोठी सतरंजी?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साडेपाच-सहा हजार वस्तीचं गाव, बसस्टँडजवळ एकच झेंडा चौक, आणि पोळा, गणपती, दुर्गादेवी, जयंत्या, पंधरा ऑगस्ट सगळं तिथंच. काही वर्षांत वर्गणी दुप्पट झाली, डीजे आला, एलईडीचा पडदा आला, मंच चार फूट उंच झाला. तरी बाया अर्ध्या तासात उठून जातात आणि म्हातारी माणसं ओट्यावरूनच पाहून "आता ते राहिलं नाही बाप्पा" म्हणतात. मंडळापुढं दोन प्रस्ताव आहेत: नागपूरहून ऑर्केस्ट्रा, नाहीतर टीव्हीवर दिसलेला एखादा विनोदी कलाकार. यातल्या कशानं दर्जा वाढेल, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मंडप-माइकच्या धंद्यातला माणूस. वर्धा-यवतमाळकडच्या गावांत काम करतो, आणि कोणी नसलं की सूत्रसंचालनही गळ्यात पडते. मिक्सरमागं बसलं की मंचापेक्षा गर्दीच जास्त दिसते. त्या जागेवरून सांगतो: ऑर्केस्ट्रा आणा किंवा कलाकार आणा, बाया त्या दिवशी पाऊण तासानं उठतील, एवढाच फरक पडेल.

गर्दी पुढून कधीच फुटत नाही, मागून फुटते. मागच्या रांगेत कडेवर लेकरू घेतलेली बाई उभी असते. तिला बसायला जागा नाही. पुढं पोरं उभी, म्हणून दिसत नाही. डीजेची धडधड छातीत जाणवते, पण बोललेलं काहीच कळत नाही. घरी जायच्या गल्लीत अंधार. आणि मंचावर तिच्या घरचं, वाड्यातलं, ओळखीचं कोणी नाही. अशी बाई वीस मिनिटं थांबली तरी तिनं तुमच्या मंडळावर उपकार केले म्हणायचे. तुम्ही ज्याला दर्जा म्हणता तो या बाईच्या जागेवर उभं राहून मोजायचा असतो. व्हीआयपी सोफ्यावरून सगळेच कार्यक्रम चांगले दिसतात.

आता, सगळ्या गावांना एकच औषध लागू पडत नाही. तुमचा चौक राज्य रस्त्यावर आहे की आतल्या रस्त्यावर, यावर निम्मं गणित बदलते. रस्त्यावर असेल तर वाहतूक वळवायला पोलिसांची मदत लागेल आणि मंडप निम्म्या रुंदीतच बसवावा लागेल. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असेल तर त्या वर्षी प्रत्येक शाल-श्रीफळाला अर्थ चिकटतो. सोयाबीन पिवळं पडून गेलं असेल, कापसाला भाव नसेल, तर मोठ्या आवाजाचा उत्सव गावालाच टोचतो. अशा वर्षी पावतीवर रक्कम छापू नका, देईल ते घ्या. हे सगळं तुमचं तुम्हाला ठाऊक. मी सांगतो ते यातून गाळून घ्या.

आधी वेळेचं पाहू, कारण ते कोणीच पाहत नाही. गणपतीच्या दिवसांत बाया निंदणातून सहाला घरी येतात. स्वयंपाक, लेकरांचं, म्हाताऱ्यांचं आटोपेपर्यंत साडेआठ. आणि रात्री १० वाजता माइक बंद करायचा असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ भोंग्याला मनाई आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकते, ते दिवस कोणते हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात पाहून घ्या. एरवी तुमच्या हातात दीड तास आहे. त्यासाठी चार तासांचा ऑर्केस्ट्रा आणून काय करणार? दुर्गादेवीच्या वेळी सोयाबीनची सोंगणी असते, तेव्हा तर दीड तासही मिळत नाही. आणि चौदा एप्रिलला आपल्याकडं ऊन असं असते की सात वाजेपर्यंत चौकातला डांबर रस्ता गरमच राहतो. तेव्हा दुपारची रॅली, मग भर उन्हात भाषणं, हा क्रम म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घरीच बसवतो.

या दीड तासातला निम्मा वेळ सत्कार खातो. "मंचावर उपस्थित मान्यवर" सुरू झालं की मी मिक्सरवरून मागच्या रांगेकडं पाहतो, चपला घालायला सुरुवात झालेली असते. सत्कार नको असं म्हणणार नाही, गावात मान लागतोच. पण मान द्यायच्या वेगळ्या रीती आहेत. सगळ्या मान्यवरांची नावं एका मोठ्या फलकावर लिहून मंचाशेजारी लावा. सूत्रसंचालकानं फक्त प्रमुख पाहुण्यांचं नाव घ्यायचं. शाली दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत, पोरं कपडे बदलतात तेव्हा द्यायच्या. आणि आमदार साहेब यायचे म्हणून कार्यक्रम थांबवायचा नाही. ठरल्या वेळी लेकरांचा नाच सुरू करा. साहेब आले की गाणं संपल्यावर त्यांना मंचावर घ्या. मी पाहिलेल्या पुढाऱ्यांपैकी बहुतेकांना उलट हे आवडते, कारण ते पोचतात तेव्हा समोर माणसं असतात.

आता आवाज. यावर जरा जास्त बोलतो, माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

मंचाच्या दोन बाजूंना बॉक्सच्या भिंती रचल्या की आवाज मोठा होतो हे खरं. पण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे बॉक्सपासून १ मीटरवर ११० असेल तर ४ मीटरवर ९८, आणि ३२ मीटरवर ८०. पुढच्या लेकरांचे कान फुटायची वेळ येते, तेव्हा कुठं मागं काहीतरी पोचते. आणि मागं पोचते ते काय? खालच्या पट्टीची धडधड. शब्द ज्या वरच्या पट्टीत असतात ती पुढं उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावरच मुरते, उरलेली समोरच्या दुकानांच्या शटरवर आपटून परत येते. म्हणून भाषण चालू आहे एवढंच कळते, काय चाललं ते नाही.

त्याऐवजी चौकात चार-सहा लहान कॉलम स्पीकर खांबांवर आठ-दहा फूट उंचीवर बांधा आणि थोडे खाली, माणसांकडं झुकवा. प्रत्येकाजवळ १ मीटरवर ८२ डेसिबल असला तर ८ मीटरवर ६४ मिळतो, आणि शांत बसलेल्या माणसाला ऐकायला तेवढा पुरतो. एक खुबी मात्र आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचाजवळच्या आणि मागच्या स्पीकरमध्ये १७ मीटर, म्हणजे ५५ फुटांच्या वर अंतर झालं की मागच्या माणसाला शब्द दोनदा ऐकू येतात. आजकालच्या डिजिटल मिक्सरमध्ये मागच्या स्पीकरचा आवाज तेवढा मागं ढकलता येतो. माइकवाल्याला म्हणा, "मागच्या लाइनला डिले टाक." त्याला कळलं नाही तर दुसरा माइकवाला पाहा. असं केलं की कायद्यातही बसता. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि चौकाच्या हद्दीवर भोंग्याचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये, असा नियम आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकते. तुमच्या चौकापासून प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर आहे ते एकदा टेपनं मोजाच.

बसायचं म्हणाल तर, माणसं सतरंजीवर बसणार असतील तर दोन फुटांचा मंच पुरते. चार फुटांचा केला की पुढच्या चार रांगा मान वर करून दमतात. मंचाचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा, म्हणजे संध्याकाळी कोणाच्याच डोळ्यांत ऊन जात नाही. बायांची आणि लेकरांची जागा पुढं, म्हाताऱ्यांना बाजूनं खुर्च्या, उभं राहून पाहणारी पोरं दोन्ही कडांना दोरीमागं. मधून अँब्युलन्स जाईल एवढी, बारा फुटांची वाट कायम मोकळी. चौकातून फुटणाऱ्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक-एक दिवा. एलईडीच्या पडद्याच्या भाड्यात असे दिवे आणि दोन मोठ्या सतरंज्या विकत येतात. माझ्या धंद्याला हे परवडणारं नाही, तरी सांगतो: सतरंज्या, कॉलम स्पीकर, एक बरा मिक्सर हे गावानं विकतच घ्यावं, ग्रामपंचायतीच्या ताब्यात ठेवावं आणि सगळ्या मंडळांना सारखं द्यावं.

वीज घ्याल ती महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेऊन. उत्सव मंडळांना ती सवलतीच्या दरानं मिळते. आकडा टाकू नका. भाद्रपदात जमीन ओली असते आणि मंडपाचे खांब लोखंडी, तेव्हा अर्थिंग आणि गळती झाली की लाइन तोडणारा ब्रेकर नसेल तर मी स्वतः कार्यक्रम सुरू करू देत नाही. वरून ११ केव्हीची तार जात असेल तर कमान, झेंडा, मूर्तीची गाडी यांची उंची आधी मोजा.

इथपर्यंत झालं ते बसणं, ऐकणं आणि वेळ. हे जमलं तर बाई थांबेल, पण तिला परत यावंसं वाटेलच असं नाही. ते दीड तासात काय आहे यावर ठरते.

माझा ठोकताळा साधा आहे. कार्यक्रम किती माणसांनी पाहिला ते सोडा, किती घरांचं कोणीतरी त्यात होतं ते मोजा. ज्या घरचं पोरगं मंचावर, ते घर शेवटपर्यंत बसते, शेजारणीलाही घेऊन येते. जुन्या पोळ्यात हेच होतं. आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, तोरण बांधलेलं, ज्याची जोडी त्याच्याच हातात कासरा, आणि झडती, म्हणजे पोळ्यातली कवनं, म्हणायला कोणीही पुढं यायचं. एकानं म्हणायचं, बाकी गावानं "हर बोला हर हर महादेव" करायचं. तिथं प्रेक्षक नावाची जातच नव्हती. आता ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, त्याला तुमचं मंडळ काय करणार? पण झडती राहू शकते. दोन म्हातारे गाठा, तीन पोरं गाठा, आणि यंदाच्या भावावर, रस्त्यावर, विम्यावर नवीन झडती रचायला लावा. झडतीत टोला असतोच, सरपंचालाही बसतो. बसू द्या.

तान्हा पोळा तर तुमच्या हातचा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा लेकरांचा पोळा आता गावोगाव मोठा होत चालला आहे, पण स्पर्धेनं त्याची वाट लावली. एका गावात मी माइक लावला होता. पहिलं बक्षीस चार फुटांच्या, शहरातून विकत आणलेल्या लाकडी बैलाला. रांगेच्या शेवटी एक पोरगं, त्याचा बैल वीतभर, चाकं म्हणून बाटल्यांची झाकणं, पाठीवर आईच्या जुन्या साडीच्या काठाची झूल बांधलेली. बैल ओढला की एक झाकण निघून पडायचं. पोरगं थांबून ते परत बसवायचं आणि पुढं व्हायचं. परीक्षकांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. परीक्षकांचा राग करून उपयोग नाही, त्यांना कागदावर "उंची, सजावट, भव्यता" एवढंच दिलं होतं. तुम्ही तो कागद बदला. विकतचा बैल वेगळ्या गटात टाका, घरी केलेला वेगळ्या. प्रत्येक लेकराला विचारा, बैलाचं नाव काय, त्याला काय खाऊ घातलंस. माइकवर ते उत्तर आलं की चौकात हशा पिकतो, आणि त्याची आई कुठं बसली आहे ते सगळ्या गावाला कळते. बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, सगळ्यांना सारखा, वही-पेन असलं तरी चालते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. तिच्यासोबत निघणारे बडगे, म्हणजे टोला मारणारे पुतळे, दरवर्षी नवे असतात, महागाईवर, भ्रष्टाचारावर, त्या वर्षी लोकांच्या मनात जे खदखदते त्यावर. लोक एवढ्या वर्षांनंतरही गर्दी करतात, कारण यंदा कोणाचा बडग्या निघणार याची उत्सुकता असते. तुमच्या शाळेतल्या पोरांना रद्दी आणि बांबू द्या, गावाला नडणाऱ्या एका गोष्टीचा बडग्या करायला सांगा. व्यक्तीचा नको, गोष्टीचा. नाहीतर तंटामुक्ती समितीला काम लागते.

बायांच्या कार्यक्रमाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे. "महिलांसाठी स्पर्धा" म्हणून संगीत खुर्ची आणि उखाणे ठेवले की त्याच दहा जणी येतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडं भुलाबाईची गाणी म्हणायची रीत आहे. अंगणं गेली तशी ती मागं पडली, पण पन्नाशीच्या वरच्या बायांना गाणी तोंडपाठ आहेत. एका गावी आम्ही त्यांना मंचावर बोलावलंच नाही. सतरंजीच्या मधोमध माइकचा स्टँड दीड फुटावर उतरवून ठेवला आणि भुलाबाई तिथंच मांडली. पहिली दहा मिनिटं कोणी तोंड उघडेना. मग एका आजीनं सुरुवात केली, दुसरीनं "तसं नाही ओ, आधीचं कडवं राहिलं" म्हणून मधेच तोडलं, आणि तिथून पुढं मला फक्त आवाज कमी-जास्त करायचं काम उरलं. शेवटी डबे हलवून खाऊ ओळखायचा. खर्च म्हणाल तर भिजवलेले हरभरे आणि मुरमुरे.

भजनाचंही तसंच. तुकडोजी महाराजांच्या खंजेरीमुळं आपल्या भागात बहुतेक गावांत चांगलं म्हणणारे लोक आहेत. आजूबाजूच्या तीन गावांची मंडळं बोलवा, प्रत्येकाला पंधरा मिनिटं द्या, घड्याळ समोर ठेवा. पाहुण्या मंडळासोबत त्यांच्या गावची माणसं येतात आणि तुमच्या गावातल्या लेकीजावयांना निमित्त मिळते.

निमित्त हा शब्द आला म्हणून झाडीपट्टीचं सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडं दिवाळीनंतर मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, गावागावांचे दिवस वेगवेगळे ठेवलेले, म्हणजे एकमेकांकडं जाता येते. घरोघर पाहुणे, आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिथल्या नाटक कंपन्यांचं ठाणं. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालते, लोक तिकीट काढून बसतात, बायाही बसतात. पहाटेपर्यंत का? कारण बाहेरगावच्या माणसाला अंधारात परत जायची धास्ती नको. आपल्या चौकात रात्रभराचं जमणार नाही, पण तिथली दोन सूत्रं उचलण्यासारखी आहेत: तारीख आधीपासून पक्की, आणि येणाऱ्याच्या परतीचा विचार करून ठरवलेली वेळ. तुमच्या तालुक्यात सगळी मंडळं एकाच रात्री महाप्रसाद ठेवतात की नाही, सांगा बरं.

महाप्रसादाबद्दल थोडंच. रोडगे आणि वांग्याची भाजी ठेवा, बुफे नको, पंगत ठेवा. वाढायला दर वाड्यातली चार-चार पोरं. थर्माकोलच्या ताटांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, पळसाच्या पत्रावळी आपल्याकडं मिळतात. आणि चौक झाडायचं काम दुसऱ्या दिवशी सफाई कामगारावर ढकलू नका. गाडगेबाबा गावात आले की दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन, हे आपल्याच भागातलं उदाहरण आहे. कार्यकारिणीनं त्याच रात्री झाडलं तर पुढच्या वर्षी वर्गणी मागायला जड जात नाही, हा माझा अनुभव.

एक नाजूक गोष्ट. चौक एकच, आणि तिथं शिवजयंती, भीमजयंती, बिरसा मुंडा जयंती, ईदचा जुलूस, गणपती सगळं होते. दहाचा नियम एका वाड्याला लावायचा आणि दुसऱ्याला सूट द्यायची, असं चालत असेल तर वर सांगितलेलं काहीच उपयोगाचं नाही. वर्षाच्या सुरुवातीला ग्रामसभेतच चौकाचं वर्षभराचं वेळापत्रक मांडा, सगळ्या मंडळांना तीच वेळ, तेच स्पीकर, तेवढाच मंच. पोलीस पाटलांना सोबत बसवा. पहिल्या वर्षी कुरबूर होईल. पण नियम लावायची सुरुवात तुमच्या स्वतःच्या मंडळापासून झाली तर ती लवकर मिटते.

आणि डीजे. पोरांना नाचायचं असते, त्यात गैर काही नाही. त्यांच्या हातून नाच काढून घेतला तर तीच पोरं मंडळ सोडून दुसरं मंडळ काढतील. नाच मिरवणुकीत ठेवा, चौकात नको. डफडं किंवा संदल लावून पाहा. जवळपासच्या वाजवणाऱ्यांना चार पैसे मिळतात, आणि माणूस वाजवत असला की थांब म्हटल्यावर थांबतो. तुम्ही लिहिलं आहे की यंदाच्या डीजेला आगाऊ रक्कम देऊन झाली. मग यंदा मोडू नका, उगीच मंडळात दोन तट पडतील. विसर्जनापुरता तो राहू द्या, चौकातल्या उरलेल्या दिवसांना कॉलम स्पीकर लावा. आमच्याकडचा ऑपरेटर फोनवरही डिले कसा टाकायचा ते सांगेल. चौकाची लांबी-रुंदी आणि खांब कुठं आहेत त्याचा हातानं काढलेला नकाशा इथं टाका, स्पीकर कुठं बांधायचे ते मी खुणा करून देतो.